भटजींच्या पोथीतील झाशी

मुंबईहून पंजाब मेलने निघाले, की भोपाळ, बीना मागे टाकत गाडी बुंदेलखंडात शिरते आणि झाशी येते. २०२१ च्या अखेरीस या स्थानकाला वीरांगना लक्ष्मीबाईंचे नाव देण्यात आले. लोकांच्या तोंडी मात्र ते अजून झाशीच आहे.

इथला किल्ला ओरछाचा राजा वीरसिंहदेव याने सतराव्या शतकाच्या आरंभी बांधला. मराठ्यांच्या अमलात नारो शंकरांनी तो वाढवला. पुढे नेवाळकर आले, तेही मूळचे रत्नागिरीकडचे. किल्ल्यावर कडकबिजली तोफ आहे. जवळच गणपतीचे मंदिर आहे. गंगाधररावांचे आणि राणीचे लग्न इथेच लागले, असे सांगतात. राणीमहालाच्या रंगीत छताखाली पुरातत्त्व खात्याने जुनी शिल्पे मांडली आहेत, तर लक्ष्मी तलावाकाठी गंगाधररावांची छत्री आहे. एवढे पाहून बहुतेक जण ओरछाच्या वाटेला लागतात.

पण मराठी माणसासाठी झाशीत आणखी एक वाटाड्या आहे. त्याचे नाव विष्णुभट गोडसे.

दक्षिणेसाठी निघाले आणि वेढ्यात सापडले

पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक. घरी गरिबी. उत्तरेत बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळेल, या आशेने ते काकांबरोबर १८५७ मध्ये निघाले. वाटेत बंडाचा वणवा पेटला. फिरत फिरत ते झाशीला पोहोचले आणि १८५८ च्या वेढ्यात शहरातच अडकले.

म्हणून त्यांच्या 'माझा प्रवास' मध्ये सेनापतीच्या नव्हे, तर सामान्य माणसाच्या डोळ्यांनी पाहिलेले युद्ध आहे. पहाटे मल्लखांब आणि घोड्यावरची रपेट करणारी राणी त्यात आहे. युद्ध दाराशी येऊन ठेपले असताना किल्ल्यावर झालेले चैत्रातले हळदीकुंकूही आहे. आणि ३ एप्रिलला इंग्रज फौज तट चढून आत आल्यानंतरची कत्तल व लूटही आहे. झाशीच्या संस्थानात पोथ्यांचा नामांकित संग्रह होता. या लुटीत त्याचाही नाश झाला. वेदशास्त्रे शिकलेल्या माणसाने तो घाव विशेष हळहळून नोंदवला आहे.

शब्द बदलले, मग सापडले

ही हकीकत गोडसे यांनी सुमारे पंचवीस वर्षांनी, इतिहासकार चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून लिहिली. छापली गेली ती त्यांच्या मृत्यूनंतर, १९०७ मध्ये. साल इंग्रजी अमलाचे. वैद्यांनी छापताना भाषा आणि मांडणी यांत पुष्कळ फेरफार केले. जवळजवळ साठ वर्षे महाराष्ट्राने तेच पुस्तक वाचले. पुढे महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांनी मूळ हस्तलिखितावरून १९६६ मध्ये नवी आवृत्ती काढली, तेव्हा भटजींची खरी बोली वाचकांना ऐकू आली.

दोन प्रती शेजारी ठेवून ओळीओळीने ताडून पाहणे, हे काम बाहेरून रुक्ष दिसते. पण एखादे वाक्य लेखकाचे की संपादकाचे, हे ठरल्याशिवाय इतिहासकाराने त्यावर कसे विसंबावे? लिखाण आठवणीतून उतरलेले. त्यामुळे त्यातल्या तारखा आणि ऐकीव गोष्टी कागदपत्रांशी पडताळाव्याच लागतात. मात्र पाहिलेले आणि भोगलेले जे आहे, त्याला तोड नाही. अमृतलाल नागर यांनी 'आँखों देखा गदर' या नावाने ते हिंदीत नेले. २०११ मध्ये मृणाल पांडे यांचा इंग्रजी अनुवाद आला. आज १८५७ चे अभ्यासक मराठी येवो न येवो, या भटजींना टाळून पुढे जाऊ शकत नाहीत.

झाशीला जाण्यास ऑक्टोबर ते मार्च हे दिवस चांगले. एप्रिलपासून बुंदेलखंडाचे ऊन सोसवत नाही. भर उन्हाळ्याच्या तोंडावर वेढ्यातल्या लोकांनी काय सोसले असेल, याची कल्पना त्यावरूनच यावी. मुलांना बरोबर घेऊन जा. किल्ल्याच्या तटावरून खालचे शहर दाखवा आणि पोतदारांच्या आवृत्तीतली दोन पाने तिथेच मोठ्याने वाचा. संस्थानच्या पोथ्या गेल्या. त्यांचा शेवट सांगणारी ही एक मात्र आपल्या भाषेत उरली आहे.