नाईकांचा वाडा आणि आमचा देवचार

‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका २०१६च्या फेब्रुवारीत झी मराठीवर सुरू झाली आणि रात्री साडेदहाला आमच्या आरोंद्यात घरोघर तोच आवाज येऊ लागला. पडद्यावरची भुतं तोवर हिंदी सिनेमाच्या हवेल्यांत राहायची. इथे पडवी, खळं, माजघर दिसलं. बोलणं मालवणी, आणि नाईकांचा वाडा आमच्याच जिल्ह्यातल्या आकेरीचा. अण्णा नाईक वारतात, मुंबईचा माधव बायकोमुलांना घेऊन गावी येतो आणि घरात भलतंसलतं घडू लागतं. जिल्ह्यात काहींनी आक्षेप घेतला: कोकण म्हणजे करणी आणि भुताटकी, असंच लोकांना वाटणार. मला त्यांचं म्हणणं पटायचं, तरी मालिका मी सोडली नाही.

पटायचं, कारण आमच्याकडे या गोष्टींची रीत वेगळी आहे. आजी तिन्हीसांजेला शीळ घालू द्यायची नाही. तेरेखोलच्या खाडीकडे, कांदळवनाच्या बाजूला, काळोख पडल्यावर जाऊ द्यायची नाही. पण देवचाराचं नाव काढताना तिचा आवाज कधी बदलला नाही. “देवचाराक कित्याक भितंस? तो आपलो राखणदार. भियाचा तर माणसाक भी,” असं ती म्हणायची. देवचाराला वर्षाचा रोट जातो, नारळ जातो आणि त्या बदल्यात तो सीम राखतो. जवळच्या आरवलीचा वेतोबा तर भुतांचा अधिपती, पण लोक त्याला केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात. तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि चपला झिजतात, अशी श्रद्धा. पुढे या वेतोबावरही मालिका निघाली.

पहिल्या पर्वातलं भय मला म्हणूनच थोडं उपरं वाटलं. दार करकरतं, कुणीतरी मागून जातं, संगीत चढतं आणि भाग संपतो. जत्रेतल्या दशावतारात काळा संकासुर लाल जीभ काढून येतो तेव्हाही पोरं दचकतात, पण पखवाज आणि झांजेच्या नादात ती भीती सगळ्यांची मिळून असते. दिवाणखान्यात ती एकेकट्याची होते.

मग २०१९मध्ये दुसरं पर्व आलं आणि मालिकेने मोठी उडी घेतली. कथा मागे गेली. पहिल्यात मेलेला अण्णा इथे जिवंत होता: माधव अभ्यंकरांचा, धोतरातला, तांबारलेल्या डोळ्यांचा अण्णा. गोरगरिबांच्या जमिनी गिळणारा, बायका नासवणारा, खून पचवणारा. शेजारी अपूर्वा नेमळेकरांची शेवंता. भुतं मागच्या बाकावर गेली आणि माझी झोप उडाली. कारण असा माणूस पाहिला नाही असं गाव कोकणात शोधून सापडायचं नाही. सातबाऱ्यावर नाव चढवून घेणारा चुलता, विधवा भावजयीचा अंगठा घेणारा दीर, कुळाला हाकलणारा खोत. आमच्या घराण्यातही सामायिक जमिनीवरून एक वाट कायमची बंद झाली आहे. आई त्या बाजूला अजून पाहत नाही. अण्णा कागद पुढे सरकवायचा तेव्हा ती उठून स्वयंपाकघरात जायची. आजीचं वाक्य टीव्हीवर आलं ते तेव्हा.

२०२१च्या तिसऱ्या पर्वात अण्णा आणि शेवंता भुतं होऊन परतले. मधेच शेवंतेची नटीही बदलली. पण तोवर अण्णाचं भय उरलंच नव्हतं. मोबाइलवर त्याची गमतीची चित्रं फिरत होती, त्याच्या लकबीत पोरं बोलत होती, आकेरीला वाड्यापुढे फोटो काढायला गाड्या थांबत होत्या. माझा भाचाही हट्ट करून जाऊन आला. इतक्या नीच माणसाचं असं लाडकं सोंग व्हावं, याचा मला त्रास झाला आणि अजून होतो. अण्णाला बळी पडलेली भिवरी, शेवंता, ज्यांच्या जमिनी गेल्या ते सगळे, यांच्या वाट्याला काय आलं, हे त्या कौतुकात कुणी विचारलं नाही.

चौथं पर्व कधी निघालंच तर ते अण्णाच्या बायकोचं, माईचं असावं. शकुंतला नरेंनी उभी केलेली ही बाई नवऱ्याच्या शिव्या खात, मुलांना सांभाळत त्या घरात राहिली. रात्री अण्णा बाहेर पडला की ती जागीच असणार. तिने काय पाहिलं, कुणाला सांगितलं आणि का थांबली, हे मला मालवणीतच, तिच्या तोंडून ऐकायचं आहे.