पांढरा रस्सा आणि मारुती कांबळे

६ जानेवारी हा विजय तेंडुलकरांचा जन्मदिवस. लहानपणी ते काही काळ आमच्या कोल्हापुरात होते, हे आम्ही पाहुण्यांना गुळाच्या ढेपेइतक्याच अभिमानाने सांगतो. त्यानिमित्त यंदा घरी 'सामना' पुन्हा पाहिला.

पहिल्यांदा पाहिला तो १९७५ साली, काकांबरोबर. काकांचा तीन एकर ऊस. जब्बार पटेलांचा हा पहिलाच चित्रपट, त्याच साली बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेला गेलेला. निळू फुल्यांचा साखरसम्राट हिंदुराव आणि श्रीराम लागूंचा दारुडा मास्तर. म्हटलं तर रहस्यकथा. पण डिटेक्टिव्ह नाही, भिंग नाही. एक झिंगलेला माणूस एकच चौकशी करत फिरतो : मारुती कांबळेचं काय झालं? पाटील त्याला घरी ठेवून घेतो, दारू पाजतो. दारू संपते, प्रश्न संपत नाही. काका आधी खो खो हसले, मग हसेनासे झाले. बाहेर आल्यावर म्हणाले, "लेखक लई बेरकी हाय. हसवत हसवत आपल्यालाच आत घेतलं की त्यानं!"

यंदा सिनेमा संपला आणि माझ्या अंगात वीरश्री संचारली. आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीसाठी घरटी २,००० रुपये गोळा होऊन चार वर्षं झाली. टाकी नाही, पैशांचा पत्ता नाही. तळमजल्यावरच्या आजींनी पेन्शनमधून दिले होते; त्या अजून पहाटे उठून बादल्या भरतात. मी तडक चेअरमनांकडे गेलो.

"या साहेब! अगदी वेळेवर आलात. बसा जेवायला."

पुढ्यात तांबडा-पांढरा आला. प्रश्न ओठांपर्यंत आला की पांढऱ्याची वाटी त्याला परत खाली ढकलायची. तिसऱ्या वाटीनंतर मी धीर करून विचारलंच, "सुकं कुणी केलंय?"

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "अहो, टाकीचं काय झालं?"

मी ढेकर दिला.

तेंडुलकरांची थोरवी तेव्हा कळली. त्यांचा मास्तर पाटलाची दारू पिऊनही प्रश्न विसरत नाही. मी पूर्ण शुद्धीवर असून विसरलो. तेंडुलकर २००८ साली गेले. त्यांचा मास्तर मात्र अजून आमच्या जिन्यात उभा असल्यासारखा वाटतो.

येत्या रविवारी सोसायटीची मीटिंग आहे, मागाहून भोजन. आजींना शेजारी बसवणार आहे. आणि या वेळी मी घरून जेवून जाणार आहे.