लातूरच्या परसातील सूर्यफूल

लातूरच्या मोंढ्यात आज जिकडे पाहावे तिकडे सोयाबीनच्या राशी. १९८०च्या दशकात बँकेच्या नोकरीनिमित्त मी या गावी आलो, तेव्हा चित्र निराळे होते. वेशीबाहेर पडताच सूर्यफुलाची पिवळी शेते दिसत आणि आडतीवर काळ्या दाण्यांच्या पोत्यांच्या थप्प्या लागत. मूळचे उत्तर अमेरिकेचे हे फूल. तेलबियांसाठी त्याचे रशियन वाण १९६९च्या सुमारास भारतात आले आणि मराठवाड्याच्या काळ्या भुईत रुजले. पुढे सोयाबीनने ती जागा व्यापली. निवृत्तीनंतर येथेच स्थायिक झालो आणि परसात सूर्यफुलांची एक ओळ राखू लागलो.

लागवड सोपी आहे. दिवसाचे किमान सहा तास ऊन, पाण्याचा निचरा होणारी जमीन, बी चार-पाच सेंटिमीटर खोल आणि दोन रोपांत फूटभर अंतर. सोटमूळ दुखावते, म्हणून रोप उपटून दुसरीकडे लावू नये. साधारण दोन महिन्यांत फूल उमलते. कळी सूर्यामागे फिरते; पूर्ण उमललेले फूल मात्र पूर्वेकडे तोंड करून स्थिरावते. सकाळच्या उन्हात ते लवकर तापते आणि मधमाश्यांना अधिक आकर्षित करते.

खरी कसोटी पुढेच असते. आपण ज्याला एक फूल म्हणतो, ते शेकडो लहान फुलांचे तबक आहे. परागकण पोहोचले नाहीत, तर टरफल तयार होते, आत गर भरत नाही. पहिल्या वर्षी आमची तबके भरगच्च दिसली. दाणे दाबून पाहिले, तर बरेचसे पोचट. सभोवती घरेच घरे; मधमाशी क्वचितच दिसे. एका जुन्या शेतकरी खातेदाराने उपाय सांगितला : फुलोऱ्यात सकाळी सात ते अकराच्या दरम्यान हाताला मलमलचे कापड गुंडाळून एकेका तबकावरून हलकेच फिरवावे. दाणे भरले. शेजारी तुळस वाढवली, कोथिंबीर फुलू दिली, फवारणी टाळली; दोन वर्षांत मधमाश्या येऊ लागल्या. आता कापड घडी करून ठेवले आहे.

तबकाची पाठ पिवळी पडली की काढणी करावी. दोन तबके आम्ही पोपटांसाठी ठेवतो.

पोते कितीही फुगलेले दिसो, जाणता व्यापारी दाणा दाबूनच भाव ठरवतो. तो दाणा भरणारी मधमाशी मात्र कोणत्याच वहीत नोंदलेली नसते. दिवाळीनंतर आपल्या परसात चार बिया अवश्य टोचाव्यात. निदान तिची नोंद आपल्या घरी राहील.