वाद्य कोरे ठेवावे की आपले करावे?

कष्टकऱ्याच्या घरात नवी वस्तू आली की तिच्यावरचा प्लास्टिकचा कागद लगेच काढायचा नाही, अशी एक रीतच पडून गेली आहे. टीव्हीच्या रिमोटला पिशवी, खुर्च्यांच्या पाठीला दुकानातलाच कागद, मिक्सरवर विणलेले आवरण. पाहुणे हसतात. हसोत बापडे! आपल्या घरात वस्तू ही नुसती वस्तू नसते. ती भिशीचे हप्ते असते, ओव्हरटाइमच्या रात्री असते. आजारपण आले, मुलांची फी भरायची वेळ आली, तर तीच विकून चार पैसे उभे करता येतात. कोरी असेल तर बरा भाव येतो, चरे पडले असतील तर घेणारा नाक मुरडतो. म्हणून आपण जपतो. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

पण कधी कधी अशी एखादी वस्तू घरात येते की जी हौसही असते आणि हत्यारही. तिला कोरी ठेवावी की आपल्या मनासारखी करून घ्यावी, हे ठरवणे अवघड होऊन बसते. आमच्या घरात ही वस्तू म्हणजे धाकट्या मुलाची बेस गिटार. तिच्यावरून महिनाभर वाद चालला. हा वाद फक्त आमचा नाही. ज्या घरात कोणाची ढोलकी आहे, रिक्षा आहे, शिलाई मशीन आहे, त्या प्रत्येक घरात तो केव्हा ना केव्हा होतोच. म्हणून चार शब्द लिहावेसे वाटले.

ज्यांना हे वाद्य ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख. साध्या गिटारला सहा तारा, बेस गिटारला बहुधा चार. त्या जाड असतात आणि साध्या गिटारच्या खालच्या चार तारांपेक्षा एक सप्तक खाली लावलेल्या असतात. सगळ्यात जाड तार सेकंदाला साधारण ४१ वेळा थरथरते. हा खर्ज कानापेक्षा छातीत जास्त जाणवतो. ढोलकीचा ठेका आणि कीबोर्डचे सूर यांना एकत्र बांधून ठेवायचे काम बेसचे. तो वाजत असतो तेव्हा कोणाचे लक्ष जात नाही. थांबला की मात्र गाण्याखालची जमीन सरकल्यासारखी वाटते.

पूर्वी हे काम माणसाएवढ्या उंचीच्या उभ्या डबल बेसवर होई. तो प्रवासात वाहून न्यायचा म्हणजे हमालीच. कॅलिफोर्नियात लिओ फेंडर नावाचा रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर होता. त्याने १९५१ साली खांद्याला अडकवता येईल असा विजेवरचा बेस बाजारात आणला. दांडीवर पडदे बसवल्यामुळे सूर नेमका लागे, म्हणून नाव ठेवले प्रिसिजन बेस. गंमत अशी की फेंडरला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती! त्याच घडणीच्या नकला आज जगभर बनतात. आमच्या मुलाची गिटार त्यांतलीच एक. कोणीतरी हौसेने घेऊन कपाटात ठेवलेली, अंगावर एक ओरखडा नाही. १४ हजारांना मिळाली. त्यातले निम्मे त्याच्या आईच्या भिशीचे.

मुलगा दिवसा कुरिअर पोचवतो आणि संध्याकाळी हळदीच्या, जयंतीच्या कार्यक्रमांत ऑर्केस्ट्रा पार्टीबरोबर वाजवतो. त्याला ही काळी गिटार घासून निळी करायची होती. पुढच्या अंगावर पांढऱ्या अक्षरांत नाव घालायचे होते. त्याच्या आईने मात्र पहिल्याच आठवड्यात जुन्या लुगड्याचे चार पदर घेऊन तिला खोळ शिवली होती.

"बाबा, सगळ्या पार्ट्यांकडे ही असलीच काळी गिटार. माझी ओळख काय मग?" तो म्हणाला.

"ओळख हातात असते रे," त्याची आई म्हणाली. "उद्या नड आली तर रंगवलेली घेणार कोण?"

"नड आली की आधी माझंच वाद्य विकायचं का?"

यावर घर गप्प झाले, कारण आता प्रश्न रंगाचा उरला नव्हता. थोरलीच्या नर्सिंगच्या प्रवेशाच्या वेळी आम्ही शिलाई मशीन विकली होती. ती मुलाच्या आईची. वीस वर्षे तिने ती तेल घालून, पुसून ठेवली होती, म्हणून तर भाव आला आणि मुलगी आज नोकरीला लागली. कोरेपणाची किंमत तिला पुस्तकातून शिकावी लागली नव्हती. पण मशीन गेल्यावर तिचे ब्लाउज शिवण्याचे कामही गेले, हेही तितकेच खरे. दोघांच्याही बोलण्यात तीच मशीन होती. आई तिचा आलेला भाव आठवत होती, आणि मुलगा तिच्याबरोबर गेलेले काम.

आम्ही ३२ वर्षे कारखान्यात फिटर होतो. हत्याराशी कसे वागावे हे थोडेफार कळते. वर्कशॉपमध्ये प्रत्येकजण आपल्या पान्यावर, हातोडीवर बिल्ला नंबर ठोकून घेई. तो शोभेसाठी नसे, अदलाबदल होऊ नये म्हणून असे. कानशीला आपल्या मुठीच्या मापाची मूठ बसवली जाई, कारण दिवसभर ती हातात धरायची. पण कोणी पान्याच्या जबड्याला रंग दिलेला आम्ही पाहिला नाही. जिथे काम अडते तिथे हत्यार आपल्यासारखे करायचे, जिथे अडत नाही तिथे त्याला आहे तसे राहू द्यायचे. हा नियम कोणी लिहून ठेवला नव्हता, पण सगळे पाळत.

बेस गिटारच्या दुनियेतही जाणत्यांनी हेच केलेले दिसते. जेम्स जेमरसन हे नाव आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असेल. १९३६ साली दक्षिण कॅरोलिनात जन्मलेला हा कृष्णवर्णीय वादक किशोरवयात मोटारींच्या कारखान्यांच्या डेट्रॉइट शहरात आला. तिथे बेरी गॉर्डी या मोटार कारखान्यात काम केलेल्या माणसाने मोटाउन ही गाण्यांची कंपनी काढली होती. घरामागच्या गॅरेजचा स्टुडिओ केला होता. १९६० च्या दशकात तिथून निघालेल्या असंख्य गाजलेल्या गाण्यांचा खर्ज जेमरसनचा आहे. तोही उजव्या हाताच्या एका बोटाने वाजवलेला! पण तबकड्यांवर वादकांची नावे छापली जात नसत. १९७१ मध्ये मार्विन गे याची 'व्हॉट्स गोइंग ऑन' ही तबकडी आली, तेव्हा कुठे तिच्यावर या मंडळींची नावे आली. आपल्याकडे तरी काय वेगळे होते? हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गोव्याहून आलेल्या कितीतरी वादकांनी हयात घालवली, आणि नाव झाले ते गायकाचे आणि संगीतकाराचे.

या जेमरसनकडे १९६२ ची प्रिसिजन बेस होती. तार तुटल्याशिवाय तो बदलत नसे. तिचा रंग त्याने बदलला नाही, पुढे नाव घातले नाही. दांडी जिथे धडाला जोडली जाते तिथे, मागच्या बाजूला, निळ्या शाईने एकच शब्द कोरला होता: फंक. ऐकणाऱ्यांना तो कधी दिसणार नव्हता. ज्याचे नाव कुठेच छापले जात नव्हते त्याने आपली खूण फक्त आपल्या डोळ्यांसाठी ठेवली होती. ओळख पुढेच लिहावी लागते असे नाही, हे आम्ही मुलाला सांगितले. तो म्हणाला, "पण त्यानं खूण ठेवली ना? कोरी नाही ठेवली." हेही बरोबरच होते.

दुसरा जॅको पास्टोरियस. फ्लोरिडात वाढलेला. त्याच्या १९६२ च्या जॅझ बेसवर पडदेच नव्हते. पडद्यांच्या खाचा बुजवलेल्या होत्या. नुसत्या लाकडावर तारा घासून ते झिजते, म्हणून त्याने दांडीवर होड्यांना लावतात तो इपॉक्सीचा लेप चढवला. असे वाद्य बाजारात कोण घेणार, हा विचार त्याने केला असता तर तो माणसाच्या गळ्यासारखा घसरत जाणारा सूर जगाला मिळाला नसता. म्हणजे मोठा बदलही चालतो, पण तो सुरासाठी असला पाहिजे आणि करणाऱ्याचा हात तयार असला पाहिजे. शिकाऊ माणसाने दुसऱ्याचे पाहून पडदे उपटले तर हाती फक्त मोडकी गिटार राहील.

मग रंगाचे काय? विजेवरच्या बेसमध्ये लोखंडी तार चुंबकावर थरथरते आणि चुंबकाभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यात त्यामुळे वीज निर्माण होते. आवाज तिथून येतो. अंगाचा रंग काळा की निळा, याने सुरात फरक पडत नाही. तेव्हा रंगामुळे वाजणे सुधारते असे मुलाने म्हणू नये आणि बिघडते असे आईनेही म्हणू नये. फरक पडतो तो किमतीत. जुन्या नावाजलेल्या गिटारीसुद्धा मूळ रंग घालवून पुन्हा रंगवलेल्या असल्या तर बऱ्याच कमी भावाला जातात. शिवाय आताच्या गिटारींवर पॉलिस्टरसारखा टणक लेप असतो. तो घासताना उडणारी पूड छातीला वाईट. एका खोलीच्या घरात, लहान मुले असताना, हा उद्योग मुळीच करू नये.

खुणेचा आणखी एक उपयोग असतो. वाद्ये चोरीला जातात. जेमरसनची ती बेस १९८३ मध्ये, त्याच्या मृत्यूच्या थोडे आधी चोरीला गेली आणि परत मिळाली नाही. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीने १९६१ साली हॅम्बुर्गला सुमारे ३० पौंडांना घेतलेली हॉफनर बेस १९७२ मध्ये लंडनमध्ये एका गाडीतून गेली. ती सापडल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले. तिची जुनी छायाचित्रे भरपूर होती, मधल्या काळात केलेली दुरुस्ती माहीत होती, म्हणून ओळख पटवायला आधार होता. आपल्या वाद्याची छायाचित्रे कोण काढून ठेवतो? तेव्हा आपणच ती काढावीत. त्याच मॅकार्टनीच्या दुसऱ्या, १९६३ च्या हॉफनरवर १९६६ च्या दौऱ्यातील गाण्यांची यादी चिकटवलेली राहून गेली. तो कागद शोभेसाठी नव्हता, पुढचे गाणे कोणते ते कळावे म्हणून होता. कामाची खूण अशी आपोआप पडते.

एवढा विचार झाल्यावर आमच्या घरात तीन गोष्टी ठरल्या. पहिली, हाताला सोयीचे करायचे ते बेधडक करायचे. तारांची उंची त्याच्या बोटांना जमेल तशी कमी करून घेतली, जाड पट्टा लावला. दुसरी, दिसण्यासाठी जे करायचे ते स्क्रू ड्रायव्हरने परत काढता आले पाहिजे. गिटारच्या पुढच्या अंगावर प्लास्टिकची एक पातळ पाटी असते, आमच्या गिटारवर ती तेरा स्क्रूंनी बसवलेली आहे. गाड्यांच्या नंबरप्लेट करणाऱ्याकडून तशीच दुसरी ॲक्रिलिकची पाटी कापून घेतली, निळी, पांढऱ्या अक्षरांची. मूळ पाटी वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवली. स्टिकर मात्र अंगावर नको, त्याचा चिकटा राहतो. तिसरी, दांडीच्या मागची लोखंडी पट्टी सोडवून आत मुलाने आपले नाव आणि तारीख लिहिली. गिटारवरचा क्रमांक व चारी बाजूंचे फोटो रेशनकार्डाच्या फायलीत ठेवले.

चौथी गोष्ट त्याच्या आईने ठरवली. नड आली तर काय काय विकता येईल, याची एक यादी प्रत्येक गृहिणीच्या मनात असते. त्या यादीतून तिने गिटार काढून टाकली. "ती आता त्याच्या धंद्याची वस्तू आहे," एवढेच म्हणाली. खोळ मात्र तशीच राहिली, आणि मुलगाही रोज वाजवून झाल्यावर तारा पुसून गिटार तिच्यात घालतो.

आमच्या मते मुख्य गोष्ट ही चौथीच आहे. पालकांनो, मुलाच्या हातातले वाद्य कोरे ठेवा असे सांगताना आपण त्याला वस्तू जपायला शिकवत असतो, आणि ते शिकवलेच पाहिजे. पण उद्या विकायची म्हणून जप, असे सांगितले की तो तिच्याकडे पाहुण्यासारखा पाहू लागतो, आणि पाहुण्याच्या हातून विद्या होत नाही. रोज वाजवायची म्हणून जप, असे सांगून पाहा. आणि मुलांनो, तुम्हीही एवढे ध्यानात घ्या. रंग एका दिवसात चढतो. दांडीवर अंगठा घासून जो गुळगुळीतपणा येतो त्याला वर्षे लागतात, आणि तो कोणाला विकतही घेता येत नाही. तेवढी वर्षे वाजवा. गिटार मग वेगळी आपली करावी लागणार नाही.