चौलची यादी, मैंदर्गीहून

सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या मैंदर्गीला समुद्र नाही. पण बंदराची हद्द धक्क्यावर संपत नाही. माल जिथवर पोचतो तिथवर बंदर. रायगडच्या किनाऱ्यावरच्या चौल-रेवदंड्याचा माल एके काळी आमच्या शिवारापर्यंत येत असे. त्यातले काय गेले आणि काय जायच्या बेतात आहे, त्याची ही नोंद.

घोडा. 1469च्या सुमारास रशियातल्या त्वेरचा व्यापारी अफनासी निकितिन एक घोडा घेऊन चौलला उतरला. जुन्नरला खानाने तो घोडा काढून घेतला, मग परत दिला. अखेर बिदरला विकला गेला. शेख अलाउद्दीनच्या जत्रेत वीस हजार घोडे विक्रीला येतात, असे त्याने लिहून ठेवले. ती जत्रा आमच्या शेजारच्या आळंदची, असे मानतात. रेवदंड्यात निकितिनचे स्मारक आहे. आळंदच्या एसटीत बसणाऱ्याला मात्र यातले काही ठाऊक नसते.

खाडी. कान्हेरीच्या प्राचीन लेण्यांतल्या लेखांत चेमुलचे, म्हणजे चौलचे, दाते आहेत, इतके ते जुने. पुढे कुंडलिका नदीच्या मुखाशी गाळ साचत गेला आणि व्यापार मुंबईने ओढला. गलबते गेली, होड्या राहिल्या.

तट. पोर्तुगीजांनी 1521 मध्ये बांधायला घेतलेला रेवदंड्याचा कोट 1740 मध्ये मराठ्यांकडे आला. आज डांबरी रस्ता त्याच्या आतूनच जातो. त्यातल्या सातखणी मनोऱ्याचे सात खण आता भरत नाहीत.

रहाट. बैल गोल फिरायचा, चाकावरची लोट्यांची माळ विहिरीत उतरायची, भरून वर यायची, पन्हळीत ओतायची. तिथून पाटाने पाणी सुपारीच्या मुळाशी. विहिरीत असेल तेवढेच आणि बैल थकेपर्यंतच. त्याच्या जागी आलेल्या पंपाला थकवा नाही.

वाडी. 3 जून 2020च्या निसर्ग चक्रीवादळाने या किनाऱ्यावरच्या नारळी-पोफळी आडव्या केल्या. नवे रोप लावले तरी सुपारी हाती यायला वर्षे लागतात. तेवढ्यात जमिनीला बंगलेवाले गिऱ्हाईक येते. तोडलेल्या वाडीत पुन्हा वाडी होत नाही.

बोली. खाडीपलीकडे कोर्लईला सुमारे हजार माणसे पोर्तुगीज आणि मराठीतून घडलेली आपली बोली बोलतात. पोर्तुगीज गेल्याला पावणेतीनशे वर्षे उलटली, बोली राहिली. शाळा मराठी, प्रार्थनाही मराठी. घरात कन्नड आणि कचेरीत मराठी वापरणाऱ्या मैंदर्गीकराला याचे नवल नाही, काळजी आहे. घरातली भाषा मुलांनी सोडली की ती परत आणायला कुठलीच योजना पुरत नाही.

केरळने मुझिरिस या प्राचीन बंदराच्या परिसरात जुनी सिनेगॉग, वाडे, बाजार जोडून संग्रहालये केली, त्यांच्यामध्ये पाण्यावरून बोटी ठेवल्या. चौललाही असे काही करता येईल. फक्त दुरुस्तीचा पैसा तटापाशी संपू नये. दगड आणखी शंभर वर्षे थांबतील. रहाट बांधणारा सुतार थांबणार नाही. आधी त्याला काम द्यावे, वाडी राखणाऱ्याला वाडी परवडेल असे करावे, पाहुण्याची उतरायची सोय त्याच्याच घरी करावी. आणि जो फलक लागेल त्यावर चौल, जुन्नर, बिदर, आळंद अशी सगळी वाट लिहावी. बंदराच्या वारशात आतल्या मुलखाचाही हिस्सा आहे, आणि तो आम्ही मागतो आहोत.