मोहरीचे दाणे

गेल्या माघात आम्ही घरची अकरा माणसे लोणी काळभोरास गेलो होतो. तेथे मुळामुठेच्या काठी, राजबागेत, 2018 साली गांधीजयंतीच्या दिवशी उद्घाटन झालेला ज्ञानदेवांच्या नावाचा 160 फूट व्यासाचा घुमट आहे. आत संत, तत्त्वज्ञ, शास्त्रज्ञ असे सारे एका छताखाली उभे केले आहेत. मुले आपल्याच आवाजाशी खेळण्यात रमली, दादा बांधकामाचा हिशेब मांडू लागले. वहिनी मात्र बुद्धाच्या पुतळ्यापुढून हलेनात. त्यांचा धाकटा जाऊन वर्षही लोटले नव्हते.

"भावोजी, ह्याच्यापाशी काय मागायचे असते?"

मी पडलो पुस्तकी मनुष्य! सांगू लागलो की, बुद्धाने देव नाकारले नाहीत, परंतु तेही जन्ममरणाच्या फेऱ्यातलेच मानले. सृष्टिकर्ता मात्र मानला नाही. केवट्टसुत्तात तर ब्रह्मदेव एका भिक्षूला बाजूस नेऊन आपले अज्ञान कबूल करतो. ह्या बुद्धापायी धर्मानंद कोसंबी घर सोडून सिंहलद्वीपास गेले. रेव्हरंड टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले व ख्रिस्ताला माउली म्हणून आळवू लागले. दोघेही मराठी ब्राह्मणांच्याच घरचे.

"ते राहू द्या. गेलेल्या लेकराचे काय करतात, ते सांगा."

तेव्हा किसा गोतमीची कथा सांगितली. मेलेले मूल कडेवर घेऊन ती औषध मागत आली, तेव्हा बुद्धाने तिला ज्या घरी कोणी मेले नाही अशा घरची मोहरी आणावयास सांगितले. ती रित्या हाताने परतली. मग बेथानीच्या लाजराची. त्याला उठविण्यासाठीच आलेला येशू प्रथम रडला.

सर्व धर्म अखेर एकच सांगतात, असे मी व्याख्यानांतून पुष्कळदा बोललो आहे. त्या दिवशी ते वाक्य तोंडातून निघेना. एक म्हणतो मेलेला उठेल, दुसरा म्हणतो तो हट्ट सोड. पुत्रशोकाने पोळलेल्या आईस ही दोन उत्तरे एकच आहेत असे कोणत्या तोंडाने सांगावे?

वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "रडणारा देव बरा वाटतो हो. पण तुमच्या त्या गोतमीला दारोदार फिरायला तरी मिळाले. मी उंबरठा ओलांडला नाही कुणाचा."

दुसऱ्या दिवशी जेवणे आटोपल्यावर त्या कोपऱ्यावरच्या वाड्यात गेल्या. तेथली थोरली मुलगी दोन वर्षांपूर्वी गेली होती. दिवेलागणीस परतल्या, आणि काहीएक न बोलता तांदूळ निवडावयास बसल्या.