कचऱ्याच्या डोंगरावर शर्ली चिझम यांचे नाव

न्यूयॉर्कला जाणारा आपला माणूस स्वातंत्र्यदेवीचा पुतळा पाहतो, टाइम्स स्क्वेअरला फोटो काढतो आणि परततो. त्याच शहरातल्या ब्रुकलिन भागात, जमैका उपसागराच्या काठावर, ४०७ एकरांचे एक उद्यान आहे. अर्धा दिवस काढून तेही पाहावे. प्रवेशाला पैसे पडत नाहीत.

ही जागा म्हणजे शहराची जुनी कचराभूमी. १९५६ पासून १९८० च्या दशकापर्यंत इथे कचऱ्याचे डोंगर रचले गेले. शेजारी ईस्ट न्यूयॉर्कची कष्टकरी वस्ती. घाण नेहमी गरिबाच्याच दारात पडते! पुढे कचरा झाकून वर स्वच्छ माती टाकली, हजारो झाडे-झुडपे लावली आणि जुलै २०१९ मध्ये उद्यान खुले झाले. सुमारे १३० फुटांच्या टेकडीवरून एका बाजूला पाणी आणि पक्षी, तर दूरवर मॅनहॅटनच्या इमारती दिसतात. प्रवेशाजवळच्या भिंतीवर एका काळ्या स्त्रीचे मोठे रंगीत चित्र आहे. त्याच शर्ली चिझम.

शर्लीबाईंचा जन्म १९२४ साली ब्रुकलिनचाच. आई बार्बाडोसची, शिवणकाम आणि लोकांच्या घरची कामे करणारी. वडील कारखान्यात मजूर. बालपणीची काही वर्षे त्या बार्बाडोसला आजीपाशी राहिल्या. पुढे बालवाडीत शिकवता शिकवता, १९१३ साली बाबासाहेब ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला आले, तिथल्याच टीचर्स कॉलेजातून त्यांनी एम.ए. केले.

१९६८ साली त्या अमेरिकन काँग्रेसवर निवडून आल्या. तिथे पोहोचलेल्या त्या पहिल्या काळ्या स्त्री. आपण कुणाला विकलो गेलो नाही, कुणाच्या हुकमातही नाही, हीच त्यांची प्रचाराची घोषणा होती. शहरी मतदारसंघाच्या या बाईंना आधी शेती समितीवर बसवले. त्यांनी सभागृहात उघड हरकत घेऊन समिती बदलून घेतली. १९७२ मध्ये तर त्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभ्या राहिल्या. पक्षाच्या अधिवेशनात १५२ मते मिळाली. काळी असण्यापेक्षा बाई असण्याचा अडथळा मोठा, असे त्या स्पष्ट सांगत.

याच निवडणुकीत वर्णभेदाचे कट्टर समर्थक जॉर्ज वॉलेस यांच्यावर गोळीबार झाला. शर्लीबाई त्यांना रुग्णालयात भेटायला गेल्या. त्यांचेच लोक चिडले. पुढे घरकामगारांना किमान वेतन मिळवून देण्यासाठी त्या झगडत असताना वॉलेस यांनी दक्षिणेकडच्या खासदारांची मते वळवायला मदत केली. १९७४ साली कायदा झाला. लोकांची धुणीभांडी करणाऱ्या आईच्या लेकीने हे घडवले. गरीब गरोदर माता आणि लहान मुलांना सकस आहार देणारी सरकारी योजना उभी करण्यातही त्यांचा वाटा होता.

१ जानेवारी २००५ रोजी त्या गेल्या. मृत्यूनंतर दहा वर्षांनी त्यांना राष्ट्राध्यक्षांचे स्वातंत्र्य पदक मिळाले. पदके, भित्तिचित्रे, उद्याने हा मान झाला. पण मोलकरणीच्या हातात पडणारा हक्काचा पगार आणि बाळाच्या वाट्याचे दूध हेच शर्लीबाईंचे खरे स्मारक. आपल्याकडून निवडून जाणाऱ्या भगिनींनी हे ध्यानात ठेवावे, आणि त्यांना निवडून देणाऱ्या आपणही.